मिठागराच्या मालिकेतला सांधा

1986 च्या जानेवारीत पेडणे तालुक्यातील आगरवाडा येथे मिठागराच्या बांधावर उभा राहून मी पहिले रीळ संपवले, तेव्हा हे काम आपल्याकडून पुढची जवळजवळ चाळीस वर्षे होत राहील, असे माझ्या मनातही नव्हते. मी म्हापशाच्या एका शाळेत शिक्षक होतो. रविवारी पहाटेच्या बसने शिवोलीला जायचे, तेथून फेरीबोटीने शापोरा नदी ओलांडून चोपड्याला उतरायचे आणि पुढे चालत मिठागर गाठायचे, असा जानेवारी ते मे या महिन्यांतला माझा क्रम असे. पावसाळा संपल्यावर तेथे बांध दुरुस्त करतात, मानशीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातून, भरतीचे पाणी आत घेतात आणि ते एका खाचरातून दुसऱ्या खाचरात खेळवत आटवतात. शेवटच्या उथळ खाचरात मिठाचे दाणे धरू लागले, की लांब दांड्याच्या लाकडी फळीने ते ओढून काठावर रास घातली जाते. हे सगळे कृष्णधवल छायाचित्रांत वर्षानुवर्षे टिपावे अशी माझी इच्छा होती, आणि शिक्षकाच्या पगारात ती पुरी होऊ शकली याचे कारण एकच होते. मला स्वस्त फिल्म मिळत होती.

ती फिल्म म्हणजे पूर्व जर्मनीतील वोल्फेन येथे तयार होणारी ओर्वो एनपी 22. नावातले 22 हा जर्मन डिन मोजपट्टीवरचा वेग, म्हणजे फिल्म प्रकाशाला किती लवकर प्रतिसाद देते त्याचे माप, आहे. आपल्या ओळखीच्या एएसए मोजपट्टीवर तो 125 होतो. वोल्फेनचा कारखाना आग्फा कंपनीने 1909 च्या सुमारास उभारला. दुसऱ्या महायुद्धानंतर तो जर्मनीच्या पूर्व भागात राहिला, आणि आग्फा या नावाचा हक्क पश्चिमेकडे गेल्यामुळे 1964 पासून त्याच्या मालावर ‘ओर्वो’, म्हणजे ‘ओरिजिनल वोल्फेन’, हे नाव येऊ लागले. भारत आणि पूर्व जर्मनी यांच्यातील व्यापाराचा हिशेब रुपयांत होत असे, त्यासाठी डॉलर मोजावे लागत नसत, आणि त्यामुळे ही फिल्म आपल्याकडे इतर आयात फिल्मच्या मानाने बऱ्याच कमी किमतीला मिळे. मी सुटी रिळे घेत नसे. मुंबईच्या फोर्ट भागातल्या एका दुकानातून तीस मीटरचा डबा आणायचा आणि रात्री चादरीखाली, उजेड न शिरणाऱ्या चेंजिंग बॅगेत हात घालून, जुन्या कॅसेटांत ती भरायची. छत्तीस चौकटींच्या रिळाला, सुरुवातीचे आणि शेवटचे वाया जाणारे टोक धरून, सुमारे एक मीटर साठ सेंटिमीटर फिल्म लागते. एका डब्यातून अठरा रिळे निघत. कोडॅक किंवा इलफर्डच्या एका रिळाच्या पैशांत माझी जवळजवळ तीन रिळे होत असत.

या हिशेबाचा परिणाम केवळ खिशावर होत नव्हता. मिठागरावर काम करणारी माणसे सतत हलत असतात, ऊन पाण्यावरून उलटे येते, आणि फळी ओढणाऱ्या माणसाच्या पाठीचा बाक नेमका कोणत्या क्षणी दिसेल हे आधी सांगता येत नाही. अशा वेळी एका हालचालीवर सहा-सात चौकटी खर्चण्याची मुभा असावी लागते. मला ती होती. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, सहा वर्षे एकच फिल्म वापरल्यामुळे ती माझ्या डोळ्यांत बसली होती. प्रकाश मोजणाऱ्या मीटरकडे न पाहता, मार्चमधल्या सकाळी नऊ वाजता मिठाच्या राशीला किती प्रकाश द्यायचा, हे मी सांगू शकत होतो. चिखल किती काळा येईल, ओल्या पाठीवरची चकाकी कितपत राहील आणि आकाश कोठे पांढरे पडेल, हे कॅमेरा डोळ्याला लावण्याआधीच मला दिसत असे.

ही सवय अर्धी कॅमेऱ्यात आणि अर्धी मोरीत घडलेली होती. माझी अंधारखोली म्हणजे घराच्या मागच्या बाजूची मोरी; खिडकीला काळा रेक्झिन ठोकलेला. डेव्हलपर, म्हणजे फिल्मवरचे चित्र उमटवणारे द्रावण, मी स्वतः बनवत असे, डी-76 या जुन्या सूत्राप्रमाणे: एक लिटरला मेटॉल 2 ग्रॅम, सोडियम सल्फाइट 100 ग्रॅम, हायड्रोक्विनोन 5 ग्रॅम आणि बोरॅक्स 2 ग्रॅम. मेटॉल आधी विरघळवावे लागते, कारण सल्फाइटच्या दाट द्रावणात ते नीट विरघळत नाही. मात्र त्याचे ऑक्सिडेशन होऊ नये म्हणून त्याच्याही आधी सल्फाइटची चिमूट पाण्यात टाकायची असते. पुस्तकांतली सगळी कोष्टके 20 अंश सेल्सिअसची असतात, आणि गोव्यात एप्रिलमध्ये नळाचे पाणीच 30 अंशांच्या आसपास येते. त्या तापमानाला डेव्हलपर इतका वेगाने काम करतो, की धुण्याची वेळ चार-पाच मिनिटांच्या खाली जाते आणि फिल्म एकसारखी धुतली जात नाही. इमल्शन, म्हणजे फिल्मवरचा चित्र धरणारा थर, मऊ पडते ते वेगळेच. म्हणून मी परातीत बर्फाचे पाणी ठेवून सगळी रसायने 24 अंशांवर आणत असे आणि डेव्हलपर समभाग पाण्याने पातळ करत असे, म्हणजे वेळ हाताशी येई. शेवटच्या धुण्याचे पाणीही त्याच अंशावर ठेवणे गरजेचे होते, कारण गार द्रावणातून एकदम कोमट पाण्यात गेलेल्या इमल्शनला बारीक सुरकुत्या पडण्याचा धोका असतो. चित्र पक्के करणाऱ्या फिक्सरमध्ये थोडी तुरटी घातली, की इमल्शन कडक होते. ओर्वोसाठी 24 अंशांना सात मिनिटे, हा आकडा मला चार मोसम आणि पुष्कळ वाया गेलेली रिळे खर्चून सापडला होता.

1991 च्या दिवाळीच्या सुट्टीत मी मुंबईला गेलो, तेव्हा दुकानदाराने काउंटरखालून दोन डबे काढून ठेवले आणि म्हणाला, “मास्तर, एवढेच आहेत. पुढे येतील असं धरून चालू नका.” कारणे त्याने तुकड्यातुकड्यांनी सांगितली, काही मला वर्तमानपत्रांतून आधीच ठाऊक होती. 1 जुलै 1990 ला पूर्व जर्मनीत पश्चिमेचे मार्क हे चलन लागू झाले, ऑक्टोबरमध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्या, आणि ज्या कारखान्यांचा माल आजवर रुबल आणि रुपयांच्या व्यवहारांत खपत होता, त्यांना एका रात्रीत महागड्या चलनात किंमत सांगावी लागली. इकडे 1991 च्या जुलैमध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि परकीय चलनाच्या टंचाईमुळे आयातीवर बंधने आली. माझ्या हातातल्या डब्याची स्वस्ताई ज्या दोन खांबांवर उभी होती, ते दोन्ही एका वर्षाच्या अंतराने कोसळले होते. वोल्फेनचा मूळ कारखाना पुढच्या काही वर्षांत मोडीत निघाला. मिठागरावर एवढ्या दूरच्या घडामोडीची सावली पडेल, अशी कल्पना मी कधी केली नव्हती, आणि परतीच्या बसमध्ये सावंतवाडी येईपर्यंत मला डोळा लागला नाही.

त्यानंतर मी जे केले, ते बहुधा प्रत्येक जण करतो: साठा. ओळखीच्या लोकांना पत्रे लिहिली, पुण्याला आणि बेळगावला गेलो, आणि 1992 च्या मार्चपर्यंत माझ्याकडे सहा डबे आणि पंधरा-सोळा सुटी रिळे जमली. त्यांपैकी एक डबा एका दुकानाच्या पोटमाळ्यावर, पत्र्याखाली, किती उन्हाळे राहिला होता कोणास ठाऊक. त्याची किंमत मी पूर्ण मोजली आणि पहिले रीळ धुतल्यावर फिल्म सबंध करडी निघाली. तेव्हापासून मी एक नियम पाळतो. जुना साठा घेतला की सर्वांत आधी त्यातला एक हातभर तुकडा, प्रकाश न दाखवता, नेहमीच्या वेळेने धुवायचा आणि ताज्या फिल्मच्या तशाच तुकड्याशेजारी खिडकीपाशी धरून पाहायचा. दोन्हींतला करडेपणाचा फरक नुसत्या डोळ्यांना कळतो. फरक थोडा असेल तर डेव्हलपरमध्ये पोटॅशियम ब्रोमाइडची अगदी लहान मात्रा वाढवून तो आवरता येतो. जास्त असेल तर त्या फिल्मवर महत्त्वाचे काम करू नये.

चांगले डबे मी घरच्या फ्रिजमध्ये ठेवले. यावर आईचे म्हणणे असे होते, की माशांच्या शेजारी रसायन नको. म्हणून प्रत्येक डबा प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून, त्यांत सिलिका जेलच्या पुरचुंड्या घालून, वरच्या कप्प्याचा एक कोपरा मी मागून घेतला. गोव्याच्या पावसाळ्यात फिल्मचे खरे वैर उष्णतेपेक्षा ओलीशी असते. सिलिका जेलचे निळे दाणे दमट झाले की गुलाबी पडतात, ते तव्यावर परतून पुन्हा निळे करता येतात. जेल संपले असता मी भाजलेले तांदूळही वापरले आहेत. फ्रिजमधून काढलेला डबा लगेच उघडू नये, किमान तीन तास बाहेर तसाच राहू द्यावा, कारण गार फिल्मवर दमट हवेतले पाणी जमते आणि त्याचे ठिपके निगेटिव्हवर कायमचे उमटतात. 1993 च्या जुलैत वादळाने तारा तुटून चार दिवस वीज नव्हती. त्या दिवसांत फ्रिज एकदाही न उघडण्याची सबंध घराला मी विनंती केली होती आणि घराने ती पाळली. माझ्या त्या साठ्यात इतरांच्या सहनशीलतेचाही वाटा आहे.

परंतु साठ्याने एक निराळीच हानी केली, आणि ती माझ्या लक्षात यायला दोन मोसम लागले. 1992 आणि 1993 चे कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे सबंध रिळाच्या चौकटी एकत्र छापलेले कागद, आज समोर ठेवले, तर त्यांत एकही हालणारा माणूस नीट नाही. प्रत्येक चौकट जपून काढलेली, माणसे थांबवून, कडेला उभी करून, उजेड बरोबर असताना. फिल्म संपत आली आहे या धास्तीने मी एका हालचालीवर एकच चौकट खर्च करत होतो आणि तीही हालचाल संपल्यावर. ज्या स्वस्ताईसाठी मी ती फिल्म वापरत होतो, ती स्वस्ताई साठा केलेल्या फिल्ममध्ये उरलेलीच नव्हती. डब्यावरचे नाव तेवढे तेच होते. हे समजल्यावर साठा शेवटच्या इंचापर्यंत ताणत बसण्यात अर्थ नाही असे मी ठरवले. साठा आहे तोवरच दुसरी फिल्म शिकून घ्यायची आणि उरलेली ओर्वो त्या शिक्षणासाठी मोजमाप म्हणून वापरायची.

दुसरी फिल्म डोळ्यांसमोर होती. तमिळनाडूत उटी येथे हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कंपनीचा कारखाना होता; कंपनी 1960 मध्ये स्थापन झाली आणि 1967 पासून तेथे उत्पादन सुरू झाले. इंदू या नावाने तिचे कागद आणि फिल्म देशभर मिळत. कागद मी वर्षानुवर्षे इंदूचाच वापरत होतो, पण फिल्मकडे वळलो नव्हतो, कारण हात एका ठिकाणी बसला होता. 1994 च्या जानेवारीत इंदूची दहा रिळे घेऊन मी मिठागरावर गेलो, ओर्वोच्याच अंदाजाने प्रकाश दिला आणि ओर्वोच्याच सात मिनिटांनी ती धुतली. चूक येथेच झाली, आणि ती सर्वस्वी माझी होती.

ती मला कोणी दाखवली, हे सांगितले पाहिजे. मिठागरावर राशी घालणाऱ्या एक वयस्क बाई होत्या. दर वर्षी मोसमाच्या शेवटी मी सर्वांना छायाचित्रांच्या प्रती देत असे, आणि त्या आपली प्रत मीठ पारखावे तशी उजेडाकडे धरून पाहत. त्या वर्षी त्यांनी प्रत पाहिली, गेल्या वर्षीची मागून घेतली आणि म्हणाल्या, “मास्तर, आमचें मीठ इतलें म्हेळें न्हय.” इतके मळकट नाही आमचे मीठ. मार्चचे, कडक उन्हात धरलेले मीठ सर्वांत उजळ असते आणि त्यांची ती रास मार्चची होती. माझ्या प्रतीत ती करडी आली होती; शिवाय मागच्या बांधाच्या सावलीत बसलेली दोन माणसे काळोखात पूर्ण बुडाली होती. मी कागदाला आणि निगेटिव्ह मोठे करून छापणाऱ्या एन्लार्जरच्या दिव्याला दोष देत होतो, तेव्हा त्या बाईंना खरे काय बिघडले आहे ते दिसत होते: उजळ भाग वर चढत नव्हता आणि सावलीतला भाग मुळात निगेटिव्हवर आलाच नव्हता.

मग मेच्या सुट्टीत मी सगळे सोडून चाचण्यांना बसलो. छायाचित्रणातले जुने सूत्र असे आहे, की सावली पाहून प्रकाश द्यावा आणि उजेड पाहून धुवावे. निगेटिव्हवर सावलीचा तपशील येतो की नाही हे मुख्यतः कॅमेऱ्यात दिलेल्या प्रकाशावर ठरते, तर उजळ भाग किती दाट होईल हे डेव्हलपरमधल्या वेळेवर. म्हणून पहिल्यांदा फिल्मचा आपल्यापुरता खरा वेग शोधायचा आणि मगच वेळ, हा क्रम उलटा करता येत नाही. घनता मोजण्याचे यंत्र माझ्याकडे नव्हते. त्याची जागा इंदूच्या दोन नंबरच्या, म्हणजे मध्यम कॉन्ट्रास्टच्या, कागदाने भरून काढली. धुतलेल्या फिल्मची प्रकाश न लागलेली, पारदर्शक कड कागदावर ठेवून एन्लार्जरखाली एकेक सेकंद वाढवत जायचे आणि ज्या क्षणी त्या कडेखालचा काळा रंग व उघड्या कागदाचा काळा रंग यांत फरक दिसेनासा होतो, तो वेळ टिपून ठेवायचा. माझ्या दिव्याला तो चौदा सेकंद निघाला. त्यानंतर त्या फिल्मची प्रत्येक चाचणी चौदा सेकंदांनीच छापायची, न कमी न जास्त. असे केले म्हणजे कागद आपल्याला लपवून काही सांगत नाही.

वेगासाठी मी अंगणातल्या सावलीत एक गोणपाट टांगले, कारण त्याचा पोत स्पष्ट असतो. लेनिनग्राड मीटरने त्याचे माप घेतले आणि त्या मापापेक्षा चार स्टॉप कमी (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा) प्रकाश देऊन चौकट घेतली. नंतर वेगाचा आकडा क्रमाने कमी कमी धरत आणखी पाच चौकटी घेतल्या. छापल्यावर ज्या चौकटीतले गोणपाट निव्वळ काळ्यापासून जेमतेम वेगळे ओळखू येते, त्या चौकटीला धरलेला वेग हा आपला वेग. माझ्या मीटरला, माझ्या लेन्सला आणि माझ्या पाण्याला तो वेष्टनावरच्या आकड्याच्या निम्मा निघाला. हा दोष फिल्मचा नव्हे. वेष्टनावरचा आकडा प्रयोगशाळेतल्या ठरावीक परिस्थितीत काढलेला असतो, आणि मोरीतली परिस्थिती तशी नसते. ओर्वोचीही तीच चाचणी मी शेजारीच केली आणि तीही 125 च्या जागी 80 वर बसते असे आढळले. म्हणजे इतकी वर्षे माझा हात नकळत जास्त प्रकाश देत आला होता, मीटर काहीही सांगो. त्या सवयीला मी फिल्मचा गुण समजत होतो.

वेळेसाठी मी मिठागरावरून पोतेभर मीठ घरी आणले आणि गच्चीवर त्याची रास घातली. उन्हातल्या राशीचे माप घेऊन त्याहून तीन स्टॉप जास्त प्रकाश दिला, म्हणजे मीठ पांढरे यावे पण दाणे विरून जाऊ नयेत. एकाच रिळावर अशा सारख्या चौकटी घेऊन, अंधारात रिळाचे तीन तुकडे केले आणि 24 अंशांना ते अनुक्रमे सात, नऊ आणि अकरा मिनिटे धुतले. सात मिनिटांच्या तुकड्यावर रास करडी आली, बाईंनी नाकारलेल्या प्रतीसारखी. अकरा मिनिटांच्या तुकड्यावर ती खडूच्या ढिगासारखी सपाट पांढरी झाली. नऊ मिनिटांवर दाणे दिसत होते. एकदा नऊ मिनिटे ठरल्यावर मी वेगाची चाचणी पुन्हा केली, कारण वेळ वाढली की सावलीही किंचित वर येते. फरक फार नव्हता, तरी तो वहीत लिहून ठेवला. या सगळ्याला मिळून पाच रिळे आणि तीन आठवडे लागले. ज्याला हे खर्चिक वाटते, त्याने माझ्या 1994 च्या मोसमातली दहा वाया गेलेली रिळे हिशेबात धरावीत.

एक फरक मात्र वेगाने किंवा वेळेने मिटला नाही. मिठागराच्या मानशीला आणि वाटेवरच्या घरांना जांभ्याचे चिरे आहेत, आणि माझ्या निगेटिव्हांवर नव्या फिल्ममध्ये ते जुन्यापेक्षा गडद येत होते. सर्व रंगांना संवेदनशील म्हणवणाऱ्या दोन फिल्मसुद्धा तांबड्याला सारखा प्रतिसाद देत नाहीत. ज्या रंगाची काच लेन्सपुढे ठेवावी, त्या रंगाची वस्तू उजळ होते, या साध्या तत्त्वाने मी फिकट नारिंगी काच वापरून पाहिली. चिरा जागेवर आला, पण आकाश खाली ओढले गेले आणि माणसांच्या तांबूस-सावळ्या अंगांचा रंग उजळला, जो मला मान्य नव्हता. शेवटी पिवळ्या काचेवर मी तडजोड केली. संध्याकाळच्या, एका सेकंदाहून लांब प्रकाशाच्या चौकटींसाठीही प्रत्येक फिल्मचे गणित वेगळे असते, मीटर सांगतो त्याहून बराच जास्त वेळ द्यावा लागतो. पण मिठागरावर मी सूर्यास्तानंतर क्वचितच थांबत असे, त्यामुळे त्यात खोल गेलो नाही.

1995 चा मोसम मी दोन कॅमेऱ्यांनी केला. माझ्या झेनिटमध्ये ओर्वो आणि मित्राकडून मागून आणलेल्या पेंटॅक्समध्ये इंदू, एकाच जागी उभे राहून, एकच चौकट दोनदा. या जोड्यांच्या शेजारी शेजारी ठेवलेल्या प्रतींनी मला कोणत्याही कोष्टकापेक्षा जास्त शिकवले. मोसमाच्या अखेरीस कोणती प्रत कोणत्या फिल्मची, हे मागचा आकडा पाहिल्याशिवाय मला सांगता येईना, आणि त्या दिवशी मी फ्रिजमधले उरलेले दोन डबे बाहेर काढले. ते पुढच्या वर्षी मी बिनधास्त वापरले, एका हालचालीवर सात-सात चौकटी. फळी ओढणाऱ्या माणसाच्या पाठीची, मालिकेत आज सर्वांत पुढे लावलेली चौकट त्याच रिळांतली आहे. ओर्वोचे शेवटचे रीळ 1996 च्या एप्रिलमध्ये संपले. मी ते आठवण म्हणून ठेवले नाही.

इंदूही कायम राहिली नाही. नव्या शतकात डिजिटल कॅमेरे आल्यावर ती मिळणे हळूहळू दुर्मीळ होत गेले, आणि 2014 मध्ये केंद्र सरकारने उटीचा कारखाना बंद करण्याचा निर्णय घेतला. तोवर मी नोकरीतून निवृत्त झालो होतो, शिवोली आणि चोपडे यांच्यामध्ये पूल होऊन फेरीबोट थांबली होती आणि मिठागरे कमी झाली होती. फिल्मपेक्षा इंदूचा कागद संपला याचा मला अधिक त्रास झाला, कारण कागदाला चाचण्यांनी पर्याय शोधता येतो तसा त्याचा स्पर्श शोधता येत नाही. पण तो विषय वेगळा आहे. फिल्मच्या बाबतीत मात्र या वेळी साठा केला नाही. इंग्लंडमध्ये हार्मन कंपनीने इलफर्डच्या शेजारी केंटमिअर नावाची स्वस्त फिल्म 2009 पासून आणली आहे, आणि चेक प्रजासत्ताकात ह्रादेत्स क्रालोवे येथे 1921 पासून चालत आलेला फोमाचा कारखाना अजून कृष्णधवल फिल्म काढतो. दोन्हींचे साडेतीस मीटरचे डबे मागवता येतात. मी दोन्हींचे एकेक रीळ घेतले, 1994 ची वही काढली, गोणपाट टांगले आणि गच्चीवर मीठ ओतले. या वेळी पाच रिळांचे काम दोन रिळांत आणि तीन आठवड्यांचे काम एका शनिवार-रविवारात झाले. केंटमिअर 100 निवडली, मुख्यतः तिच्या सावल्या माझ्या जुन्या निगेटिव्हांच्या जवळ जातात म्हणून.

मालिकेतल्या निवडक चाळीस प्रती मी गेल्या वर्षी नव्याने काढल्या, तीन फिल्म आणि जवळजवळ चाळीस वर्षे त्यांत एकत्र आहेत. गावात त्या मांडल्या, तेव्हा पाहणाऱ्यांनी माणसे ओळखली, कोणाची कोणती खाचरे होती यावर बराच वेळ चर्चा केली. फिल्म कोठे बदलली ते कोणी विचारले नाही. मळकट मिठाची ती 1994 ची प्रतही मी त्यांत ठेवली आहे, काळ्या-पांढऱ्यातला फरक वाढवणाऱ्या चार नंबरच्या कागदावर पुन्हा छापून. रास आता पुष्कळ उजळली आहे, पण बांधाच्या सावलीतली ती दोन माणसे काळोखातच आहेत, कारण जो तपशील निगेटिव्हवर नाही तो कोणताही कागद परत आणू शकत नाही. त्या बाई आता नाहीत. त्यांच्या सुनेने ती प्रत हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि सावलीवर बोट ठेवून विचारले, येथे कोण बसले आहे. मला त्या दोघांची नावे आठवत होती, ती मी तिला सांगितली आणि प्रतीच्या मागे पेन्सिलीने लिहून दिली.